बिनमुळांची खीळ

माझ्या उजव्या तर्जनीच्या पेरावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट व्रण आहे. पाचवीत असताना तिथे चामखीळ होती. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो आणि मोठ्या काकूंनी ती हेरली. पानाच्या डब्यातला चुना काढून त्यांनी त्यात धुण्याचा सोडा कालवला आणि आगकाडीच्या टोकाने तो लेप अचूक चामखिळीच्या डोक्यावर ठेवला. ‘मुळापासून जळली पाहिजे, नाहीतर परत येते,’ त्या म्हणाल्या. रात्रभर बोट ठणकलं. सकाळी चामखीळ काळी पडली होती, आठवड्याभरात ती खपलीसकट निघून आली आणि मी सगळ्या भावंडांना बोट दाखवत फिरलो. दिवाळीपर्यंत त्या व्रणाच्या कडेने तीन नव्या चामखिळी उभ्या राहिल्या. काकूंचं निदान ठरलेलं होतं: मूळ राहिलं.

काकूंची माया खरी होती आणि त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी मनापासून केलं. त्यांना चकवलं ते शब्दाने. चामखीळ म्हणजे चामड्यात ठोकलेली खीळ. संस्कृतातला ‘चर्मकील’ही तेच सांगतो. शब्द इतका चित्रदर्शी आहे की ऐकताक्षणी आत रुतलेलं टोक डोळ्यांपुढे येतं, आणि मग ते टोक उपटायला, जाळायला, कापायला माणसं ब्लेडपासून उदबत्तीपर्यंत काहीही हाती घेतात. प्रत्यक्षात चामखिळीला टोक नसतं आणि मूळही नसतं. ती सगळीच्या सगळी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, बाह्यत्वचेत, असते. तळपायावर हा थर सर्वांत जाड. तिथेही तो जेमतेम दीड मिलिमीटर भरतो. वाढताना चामखीळ खालच्या थराला दाबते, पण त्यात शिरत नाही. तिला पोसायला मात्र खालून केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर चढतात. चालण्या-घासण्याने त्यांतलं रक्त गोठतं आणि काळे ठिपके दिसू लागतात. लोक ज्याला ‘मूळ’ किंवा ‘बी’ म्हणतात ते हेच गोठलेलं रक्त.

मग ती परत का येते? याचं पहिलं उत्तर १९०७ साली मिळालं. ज्युसेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरांनी चामखीळ वाटून तिचा रस जिवाणूही अडतील इतक्या बारीक गाळणीतून काढला आणि तो स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे चामखीळ उगवली. म्हणजे कारण जिवाणूपेक्षाही लहान होतं. आज आपण त्याला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, म्हणतो. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. हाताच्या चामखिळी करणारे वेगळे, चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळींचे वेगळे, जननेंद्रियांवरचे वेगळे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध असलेले प्रकारही निराळे आहेत, त्यामुळे मुलाच्या बोटावर चामखीळ दिसली म्हणून कुणी कर्करोगाच्या धास्तीने झोप उडवून घेऊ नये.

हा विषाणू ओरखड्यातून, चिरेतून आत जातो आणि बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींत बस्तान मांडतो. तिथे तो गप्प असतो. पेशी जशा वर सरकतात तशा त्याच्या प्रती वाढतात आणि शेवटी आपोआप झडणाऱ्या कोंड्यासारख्या मृत पेशींत बसून तो बाहेर पडतो. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना वर्दी जावी असं काही तो करतच नाही. शिवाय चामखिळीच्या भोवतालच्या, डोळ्यांना अगदी निरोगी दिसणाऱ्या कातडीतही तो असू शकतो. माझ्या व्रणाभोवती उगवलेल्या तीन चामखिळींचं कारण हे होतं. चुन्याने मधला भाग जाळला; कड जशीच्या तशी राहिली.

नेमकं या विषाणूलाच मारणारं औषध आजवर निघालेलं नाही. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. डॉक्टरांकडचा प्रत्येक उपाय दोनच कामं करतो: लागण झालेल्या पेशींचा थर कमी करतो, आणि झोपलेल्या पहारेकऱ्यांना जागं करतो. दुसरं काम साधलं तर चामखीळ जाते आणि बहुधा परत येत नाही. ते साधलं नाही, तर कितीही खोल जाळा, ती येऊ शकते.

पण आधी हे पाहायला हवं की समोर आहे ती चामखीळच आहे का. मराठीत हा एकच शब्द आपण बऱ्याच गोष्टींना वापरतो. मानेवर, काखेत लोंबणारे मऊ, देठाचे कण म्हणजे स्किन टॅग. त्यांत विषाणू नसतो, ते एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. वजन वाढलेल्या आणि मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या माणसांत ते जास्त दिसतात. डॉक्टर ते भूल देऊन एका मिनिटात कापतात, आणि अशा वेळी रक्तातली साखर तपासून घ्यावी असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. लहान मुलांच्या अंगावर मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले दाणे येतात, तो मोलस्कम नावाचा वेगळ्याच विषाणूचा आजार. आणि तळपायावरचा कठीण गोळा चामखीळही असेल किंवा कुरूपही.

हा शेवटचा फरक जवळून पाहण्यासारखा आहे. डॉक्टर स्पिरिटने टाच पुसतात आणि ब्लेड आडवं धरून कडक कातडीचे पापुद्रे एकेक करून काढतात, पेन्सिलीला टोक करताना निघतात तसे. कुरूप असेल तर आत काचेसारखा पिवळट, स्वच्छ गाभा लागतो. चामखीळ असेल तर तिसऱ्या-चौथ्या पापुद्र्याला काळे ठिपके दिसू लागतात, आणखी एक पापुद्रा काढला की त्यांतून टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब येतात. दुसरी खूण त्वचेच्या रेषांची. तळहात-तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशासारख्या बारीक रेषा असतात. कुरुपावरून त्या बहुधा तशाच पुढे जातात. चामखिळीपाशी येऊन तुटतात, जणू वाहत्या पाण्यात दगड आला आणि ओहोळ वळसा घालून गेला. दाबल्यावर कुरूप दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. तळपायावर किंवा नखाखाली काळा डाग पसरत असेल, त्याची कड वेडीवाकडी असेल, उतारवयात एकच चामखीळ उगवून भरभर वाढत असेल, चिघळत असेल, तर ॲसिड लावायच्या आधी तज्ज्ञांना दाखवा. त्वचेचा मेलॅनोमा हा कर्करोग आपल्याकडे दुर्मिळ आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर होतो आणि चामखीळ समजून महिनोन्‌महिने जाळला जातो. हा उशीर जिवावर बेततो.

निदान पक्कं झालं की पहिला पर्याय काहीच न करण्याचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण लहान मुलांच्या चामखिळींपैकी सुमारे दोन तृतीयांश दोन वर्षांत आपोआप जातात. इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने आपल्या तरुणपणाची हकिगत लिहून ठेवली आहे. सोळाव्या वर्षी पॅरिसमध्ये असताना त्याच्या दोन्ही हातांवर शंभरेक चामखिळी उठल्या. इंग्रज राजदूताच्या पत्नीने डुकराच्या चरबीचा तुकडा त्यांच्यावर चोळला आणि तो दक्षिणेकडच्या खिडकीत उन्हात खिळ्याने ठोकून ठेवला. चरबी वितळत गेली आणि पाच आठवड्यांत सगळ्या चामखिळी गेल्या, अगदी बालपणापासून असलेलीसुद्धा. आपल्याकडे केस बांधणं, मंतरलेला दोरा, वांग्याचा तुकडा पुरणं यांची ख्याती अशीच पसरली. शरीराने स्वतः जागं होऊन काम केलं आणि श्रेय चरबीला किंवा दोऱ्याला गेलं. पण सगळ्या चामखिळी एकदम जातात, हे त्यातलं निरीक्षण मोलाचं आहे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

वाट पाहणं सगळ्यांना परवडत नाही. चामखीळ चालताना टोचते, मूल ती कुरतडून नखाभोवती पसरवतं, लग्न ठरलेल्या मुलीच्या हनुवटीवर ती असते. मग घरच्या घरी करण्यासारखा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. मेडिकलच्या दुकानात ते साधारण १७ टक्के तीव्रतेत, लॅक्टिक ॲसिडबरोबर, नेलपॉलिशसारख्या सुकणाऱ्या द्रावात मिळतं. ते पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे दुवे सैल करतं, कातडी पापुद्र्या-पापुद्र्याने सुटते, आणि होणाऱ्या हलक्या दाहाने पहारेकरी सावध होतात. औषध चांगलं आहे, ते वाया जातं ते लावण्याच्या पद्धतीमुळे. रोज रात्री पाच-दहा मिनिटं चामखीळ कोमट पाण्यात भिजवायची, वर आलेली पांढरी, मऊ कातडी कानशीने घासून काढायची, भोवतालच्या निरोगी कातडीला व्हॅसलीन लावायचं, मग काडीने फक्त चामखिळीवर थेंब ठेवायचा. हे तीन महिने. कातडी हुळहुळली तर दोन दिवस थांबायचं. ती कानशी दुसऱ्या कुणी वापरायची नाही. बहुतेक लोक आठ दिवस लावतात, कोरड्या कातडीवर लावतात आणि ‘गुण आला नाही’ म्हणून बाटली खिडकीत ठेवून देतात. चेहऱ्यावर आणि नाजूक जागी हे औषध लावायचं नाही. मधुमेह्यांनी आणि ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाला हात लावायचा नाही. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही आणि त्या जखमेपायी पाय गमावण्याची वेळ येते.

आता काकूंच्या चुन्याकडे वळतो. ओला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की त्यांच्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो, ज्याने तुंबलेली गटारं मोकळी करतात तोच. ॲसिड कातडी भाजून जागीच बरंचसं थांबतं. असा दाहक क्षार मात्र चरबी आणि प्रथिनं विरघळवत आत आत जातो. सुश्रुतसंहितेतही चर्मकील आणि मशक यांवर क्षाराचा आणि अग्नीचा उपचार सांगितला आहे. पण तिथे क्षार तयार करण्याची रीत आहे, तो शंभर मात्रांच्या अवधीपुरताच ठेवायचा असं बंधन आहे आणि नंतर आम्ल द्रवाने धुऊन त्याचा जोर मोडायचा आहे. पानाच्या डब्यातल्या चुन्याला ना मोजमाप, ना थांबा. बिब्ब्याचं तर नावही काढू नये. त्याच्या तेलाची ॲलर्जी चेहऱ्यावर उतते तेव्हा डोळे उघडत नाहीत.

घरच्या उपायाने भागलं नाही तर दवाखान्यातला नेहमीचा उपाय म्हणजे क्रायोथेरपी, द्रव नायट्रोजनने गोठवणं. हा द्रव उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. थर्मासचं झाकण काढलं की पांढरी वाफ कडेवरून खाली सांडते. डॉक्टर कापसाची काडी बुडवून किंवा छोट्या नळीतून फवारा सोडून चामखिळीवर धरतात. दोन-तीन सेकंदांत ती खडूसारखी पांढरी होते, मग तो पांढरा वर्तुळाकार भाग निरोगी कातडीवर दोनेक मिलिमीटर सरकतो, आणि डॉक्टर तिथे थांबतात. ही कड महत्त्वाची आहे. लपलेला विषाणू तिथेच असतो. गोठताना सुई रुतल्यासारखं वाटतं, वितळताना जास्त ठणकतं. दुसऱ्या दिवशी फोड येतो, कधी रक्ताचाही. तो फोडायचा नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने हे पुन्हा करावं लागतं, एका भेटीत काम क्वचितच होतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला याची एक किंमत मोजावी लागते: रंग बनवणाऱ्या पेशी थंडीला फार नाजूक असल्याने गोठवलेल्या जागी पांढरा डाग राहू शकतो, आणि तो कोडासारखा दिसतो म्हणून घरचे घाबरतात. बोटावर, तळपायावर हे चालून जाईल. चेहऱ्यावर मात्र आधी विचारून घ्यावं.

गोठवणं श्रेष्ठ की ॲसिड, याचे चांगले अभ्यास झाले आहेत. नेदरलँड्समध्ये २५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २०१० साली प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, हातापायांवरच्या साध्या चामखिळी तेरा आठवड्यांत गोठवण्याने ४९ टक्के, सॅलिसिलिक ॲसिडने १५ टक्के, आणि नुसतं थांबल्याने ८ टक्के जणांच्या गेल्या. तळपायाच्या चामखिळींत मात्र तिन्ही गटांत खास फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तळपायाच्या चामखिळींवर ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड आणि गोठवणं यांची तुलना झाली, तेव्हा बारा आठवड्यांनी दोन्हींचं यश सारखंच निघालं: १४ टक्के. हे आकडे वाचून निराश होऊ नये. तीन महिने हा तळपायासाठी थोडा काळ आहे. पण ‘एका सिटिंगमध्ये शंभर टक्के खात्री’ अशी पाटी दिसली तर हे आकडे आठवावेत.

आपल्या गावाशहरांतल्या दवाखान्यांत सर्वांत जास्त चालते ती कॉटरी किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी. लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, विजेने तापलेल्या टोकाने चामखीळ जाळतात आणि जळलेला भाग खरवडून काढतात. कार्बन डायऑक्साइड लेझर हे त्याच जातीचं, अधिक नेमकं आणि अधिक महाग काम. चामखीळ त्याच दिवशी नजरेआड होते, म्हणून रुग्णाला ते आवडतं. मला त्यात दोन धोके दिसतात. खोल गेलं तर व्रण राहतो, आणि तळपायावरचा व्रण चामखिळीपेक्षा जास्त काळ दुखतो. दुसरं म्हणजे धूर: जळत्या चामखिळीच्या धुरात एचपीव्हीचा डीएनए सापडला आहे, म्हणून डॉक्टरांनी, नर्सने आणि रुग्णानेही चांगला मास्क लावायला हवा आणि धूर ओढून घेणारं यंत्र चालू असायला हवं. चेहऱ्यावर देठासारख्या एकट्यादुकट्या चामखिळीला कॉटरी उत्तम. हातावर वीस-पंचवीस असतील, तर एकेक जाळत बसण्यात अर्थ नाही.

अशा पुष्कळ, चिवट चामखिळींसाठी मला आज सर्वांत आशादायक वाटतो तो मार्ग पहारेकऱ्यांना थेट हाक मारण्याचा. सगळ्यांत मोठी चामखीळ निवडायची आणि तिच्यात शरीराला ओळखीचं काहीतरी टोचायचं: गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस, किंवा क्षयाच्या तपासणीसाठी वापरतात ते पीपीडी. या गोष्टींची आठवण असलेल्या पेशी तिथे धावून येतात, येता येता त्यांची गाठ आजवर न दिसलेल्या विषाणूशी पडते, आणि एकदा ओळख पटली की त्या सगळीकडे त्याला शोधतात. म्हणूनच अंगठ्यावरच्या चामखिळीत टोचलेल्या इंजेक्शनने गुडघ्यावरची चामखीळही सुकते. दोन-तीन आठवड्यांनी एक, अशी तीन ते पाच इंजेक्शनं लागतात. टोचताना दुखतं, एखाद्याला तापही येतो. गर्भवतींना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी खालावली आहे त्यांना जिवंत विषाणूंची लस देत नाहीत.

या वाटेवर भारतीय त्वचारोगतज्ज्ञांचं काम ठळक आहे आणि त्याचा अभिमान वाटावा. कुष्ठरोगाच्या लसीसाठी प्रा. जी. पी. तलवार यांनी दिल्लीत ज्या निरुपद्रवी जिवाणूवर काम केलं, त्या ‘एमडब्ल्यू’ लसीचा वापर आपल्या डॉक्टरांनी चामखिळींवर केला. ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आपल्याकडे बरंच रुळलं आहे. आणि कर्नाटकातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये एक पद्धत मांडली, तिला तर औषधच लागत नाही. रुग्णाच्याच चामखिळीचा एक कण कापून घ्यायचा, कोपर ते मनगट या भागात कातडीखाली छोटा कप्पा करून त्यात तो पुरायचा आणि वर पट्टी लावायची. जो विषाणू बाह्यत्वचेच्या आडोशाला लपून होता तो आता पहारेकऱ्यांच्या अंगणात जाऊन पडतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत अनेकांच्या सगळ्या चामखिळी गळून जातात. अमेरिकेत फाल्कनर यांनी १९६९ साली सांगितलेली सुईची पद्धतही याच तत्त्वाची: भूल देऊन तळपायाची चामखीळ सुईने पुन्हा पुन्हा टोचायची, म्हणजे विषाणूचे कण खालच्या थरात ढकलले जातात. हे इलाज सर्वांना लागू पडतात असं मी म्हणणार नाही. पण एका सुईत वा एका छोट्या जखमेत पंचवीस जागांचे चटके वाचत असतील, तर आपल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं.

चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळी वेगळ्या हाताळाव्या लागतात. दाढी करताना ब्लेडने त्या ओळीने पेरल्या जातात, म्हणून काही दिवस दाढी ट्रिमरने करावी आणि रात्री ट्रेटिनॉइन क्रीम लावावं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि गर्भारपणात अजिबात नाही.

जननेंद्रियांवरच्या चामखिळींबद्दल लोक बोलत नाहीत आणि बाजारातलं ॲसिड तिथे लावून स्वतःचे हाल करून घेतात. त्यासाठी इमिक्विमॉड क्रीम आहे, पोडोफायलम या वनस्पतीपासून काढलेलं औषध आहे, गर्भवतींसाठी गोठवण्याचा सुरक्षित पर्याय आहे. लाजून घरी बसण्याचं कारण नाही. या चामखिळी मुख्यतः ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस, जिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, या दोन्ही प्रकारांपासून आणि कर्करोगाशी संबंधित १६ व १८ पासून संरक्षण देते. बोटावरच्या चामखिळींचे प्रकार तिच्यात नाहीत.

उपचार कधी थांबवायचा, हे रुग्ण हमखास विचारतात. वरवर सपाट झालं म्हणजे संपलं असं नसतं. घाईने थांबवलेला इलाज हेच पुन्हा उगवण्याचं मोठं कारण आहे. उजेडाकडे बोट करून, जमल्यास भिंग घेऊन, त्या जागेकडे पाहावं. काळा ठिपका एकही उरलेला नसावा. आणि कातडीच्या ज्या रेषा चामखिळीपाशी येऊन तुटत होत्या, त्या आता एका कडेने आत शिरून दुसऱ्या कडेने सलग बाहेर पडत असाव्यात. माझ्या पेरावर तेवढ्या जागेत रेषा आजही नाहीत. चुन्याने त्या नेल्या. पण शेजारी उगवलेल्या तीन चामखिळी पुढच्या पावसाळ्यात आपोआप गेल्या, आणि तिथल्या रेषा इतक्या नीट जुळून आल्या आहेत की जागा मलाही दाखवता येत नाही.